आढळलं नाही, म्हणजे?

पाण्याच्या तपासणीचा अहवाल हातात आला की माणसं आधी आकडे असलेल्या ओळी वाचतात. शिसं किती, नायट्रेट किती, मर्यादेच्या आत की बाहेर. माझी नजर आधी जाते ती आकडा नसलेल्या ओळींवर. तिथे लिहिलेलं असतं, ‘आढळले नाही’. आम्ही प्रयोगशाळेत त्याला ‘बीडीएल’, म्हणजे ‘मोजता येण्याच्या मर्यादेखाली’, म्हणतो. ओढ्यांच्या आणि समुद्राच्या पाण्यातली रसायनं शोधण्याच्या कामात राहून माझं एक मत पक्कं झालं आहे. अहवालातल्या सगळ्यात जास्त प्रश्न विचारण्याजोग्या ओळी याच असतात, आणि नेमक्या याच ओळी वाचून माणसं निर्धास्त होतात.

प्रत्येक यंत्राची एक खालची मर्यादा असते. त्या मर्यादेखाली पदार्थ असला काय आणि नसला काय, यंत्राला फरक कळत नाही. एका प्रयोगशाळेची मर्यादा लिटरमागे शंभर नॅनोग्रॅम असेल, दुसरीची एक नॅनोग्रॅम. एकाच ओढ्याचं पाणी दोघींकडे दिलं तर पहिली म्हणेल ‘आढळले नाही’ आणि दुसरी आकडा देईल. दोघीही खरंच बोलत असतील. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग. एवढ्याशा प्रमाणाने काय होणार, असं कुणी विचारलं की मला राहवत नाही, कारण काही जिवांच्या बाबतीत एवढ्यानेच सगळं होतं. त्याच्याकडे येतेच. पण त्याआधी आकडा मिळतो कसा ते सांगायला हवं.

ओढ्यात उतरल्यावर उभं कसं राहायचं याचाही नियम आहे. प्रवाहाकडे तोंड करायचं आणि बाटली आपल्या पुढे, वरच्या अंगाला धरायची. पायाने ढवळलेला गाळ, हातापायांवरून धुतलं गेलेलं काहीबाही मग मागे वाहून जातं, बाटलीत शिरत नाही. बाटली गडद तपकिरी काचेची, कारण काही रसायनं उजेडात मोडतात. ती आधीच सॉल्व्हंटने धुतलेली, भट्टीत तापवलेली असते. झाकणाच्या आत टेफ्लॉनचं अस्तर असतं. पण शोध पीएफएएस या फ्लोरीनयुक्त, सहजी न मोडणाऱ्या रसायनांचा असेल तर नेमकं टेफ्लॉनच चालत नाही, कारण ते त्याच कुळातलं. तिथे काच बाजूला ठेवून पॉलिप्रोपिलीनच्या बाटल्या घ्याव्या लागतात. औषधं आणि रोजच्या वापरातली रसायनं शोधायची असतील तर नमुने घेणाऱ्याने त्या दिवशी कॉफी प्यायची नाही, डास पळवणारं मलम लावायचं नाही, सनस्क्रीन नाही, अत्तर नाही. कॅफीन आणि डासांच्या मलमातलं डीट हेच तर आपण पाण्यात शोधत असतो.

एवढं करूनही आपल्या हातांवर विश्वास ठेवायचा नसतो. म्हणून सोबत एक बाटली नेतात, मिळू शकेल तितक्या शुद्ध पाण्याने भरलेली. ओढ्याच्या काठावर ती उघडायची, ते पाणी दुसऱ्या बाटलीत ओतायचं, झाकण लावायचं आणि नमुन्यांच्या बरोबरीने, त्याच पेटीतून, त्याच थंडाव्यात परत आणायचं. पुढची प्रत्येक पायरी तिच्यावरही करायची. हा ‘फील्ड ब्लँक’. त्यात काही सापडलं तर ते ओढ्याचं नाही, आपलं आहे. ब्लँकमध्ये आणि नमुन्यात तोच पदार्थ तेवढाच दिसला तर तो आकडा खोडावा लागतो, मग तो मिळवायला कितीही श्रम पडलेले असोत. एखाद्या अहवालात ब्लँकचा उल्लेखच नसेल तर त्यातल्या बारीक आकड्यांवर मी विसंबत नाही.

हे वेड वाटेल, पण या वेडापायीच एक फार मोठी गोष्ट उघडकीला आली. क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने 1956 साली पृथ्वीचं वय सुमारे 4.55 अब्ज वर्षं असल्याचं दाखवून दिलं. त्यासाठी उल्केतल्या शिशाची समस्थानिकं, म्हणजे शिशाचेच वेगवेगळ्या वजनाचे अणू, मोजायची होती, आणि दरवेळी आकडे बिघडत होते. शिसं उल्केतलं कमी आणि प्रयोगशाळेतलं जास्त, अशी गत होती. हवेत, धुळीत, नळाच्या पाण्यात, रसायनांत, माणसाच्या त्वचेवर सगळीकडे शिसं. ते बाहेर ठेवण्यासाठी त्यांनी जवळजवळ पहिलीच म्हणावी अशी ‘स्वच्छ खोली’ उभारली. पुढे तीच शिस्त घेऊन ते समुद्राकडे वळले. समुद्राच्या पाण्यातल्या शिशाचे तोवर छापले गेलेले बरेचसे आकडे खऱ्यापेक्षा शंभर ते हजार पटींनी जास्त निघाले. ते शिसं जहाजाचं होतं, केबलचं होतं, नमुना घेणाऱ्याच्या हाताचं होतं. खरा आकडा हाती लागल्यावर दुसरी, जास्त काळजीची गोष्ट दिसली. खोल, जुन्या पाण्यापेक्षा वरच्या थरातल्या पाण्यात शिसं कितीतरी जास्त होतं. ते वरून, हवेतून पडत होतं, आणि त्याचा मोठा वाटा पेट्रोलमधल्या शिशाचा होता. समुद्र आधीपासून असाच आहे, असं समजून चालणाऱ्यांना हे कळायला मार्गच नव्हता, कारण त्यांचे आकडे त्यांच्याच शिशाने भरलेले होते. शिसंयुक्त पेट्रोल वापरातून जायला मात्र फार वेळ लागला. ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, आणि तिथली विक्री थांबली 2021 साली.

आज तीच गत मायक्रोप्लास्टिकची आहे. रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी 2004 साली किनाऱ्यावरच्या वाळूत आणि समुद्राच्या पाण्यात सूक्ष्म प्लास्टिक असल्याचं दाखवलं, आणि तेव्हापासून जो तो ते शोधतो आहे. सूक्ष्मदर्शकाखाली गाळणीचा गोल कागद ठेवला की पहिल्यांदा दिसतात ते धागे. निळे, काळे, क्वचित लाल. धागा ओढ्यातून आला की शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या जॅकेटमधून, हे धाग्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून प्रयोगशाळेत सुती कोट घालायचे, शक्यतो सहज ओळखू येईल अशा भडक रंगाचे. खोलीत एक उघडी ओली गाळणी ठेवून द्यायची आणि तिच्यावर हवेतून किती धागे पडले ते मोजायचं. हातमोज्यांचीही एक गोम आहे. ते साच्यातून सहज सुटावेत म्हणून त्यांना स्टिअरेटचे क्षार लावलेले असतात, आणि पदार्थ ओळखायला वापरतात तो त्यांचा वर्णपट पॉलिथिलीन या प्लास्टिकच्या वर्णपटाशी इतका मिळताजुळता असतो की यंत्र फसतं. नमुना स्वच्छ राहावा म्हणून घातलेल्या मोज्यांनीच नमुन्यात प्लास्टिक ‘सापडतं’.

तर आकडा खोटा असू शकतो. पण ‘आढळले नाही’ हेही तितकंच फसवं असू शकतं, आणि त्याचं सगळ्यात साधं कारण घड्याळात आहे. नमुने बहुधा ठरल्या दिवशी घेतले जातात. कोरडं हवामान, सकाळची वेळ, गाडी पोचेल अशी जागा. पण ओढा म्हणजे सारखं बदलणारं पाणी. शेतावर फवारलेलं कीटकनाशक पावसाच्या पहिल्या तासाभरात ओढ्यात उतरतं आणि दुसऱ्या दिवशी पुढे निघून गेलेलं असतं. पाण्यातले किडे तेवढ्या तासात मरतात. महिन्यातून एकदा भरलेल्या बाटलीत त्याची खूणही राहत नाही. जर्मनीत 2018 आणि 2019 साली शेतांमधून वाहणाऱ्या शंभराहून जास्त छोट्या ओढ्यांवर संशोधकांनी पाण्याची पातळी वाढली की आपोआप नमुना घेणारी यंत्रं बसवली. पावसानंतरच्या त्या नमुन्यांमधली विषारीपणाची पातळी ठरल्या दिवशी घेतलेल्या नमुन्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाली. म्हणून अहवाल कितीही सुबक असला तरी माझा पहिला प्रश्न असतो, पाऊस कधी पडला होता?

दुसरा प्रश्न यादीचा. बहुतेक तपासण्या ठरलेल्या यादीवर चालतात. यादीत चाळीस पदार्थ असतील तर चाळीसच शोधले जातात. जे यादीत नाही त्याला ‘आढळले नाही’ एवढी ओळही मिळत नाही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने 1999 आणि 2000 साली 30 राज्यांमधले 139 ओढे-नाले घेतले आणि तोवर कुणी फारशा न शोधलेल्या 95 पदार्थांची यादी केली. प्रतिजैविकं, संप्रेरकं, वेदनाशामकं, कॅफीन, डीट, साबणातलं ट्रायक्लोसान असं सगळं. ऐंशी टक्के ओढ्यांमध्ये त्यातलं काही ना काही सापडलं. एका जागी तर एकाच वेळी 38 पदार्थ. शहरं आणि गोठ्यांच्या खालच्या अंगाचे, प्रदूषणाची शक्यता जास्त असलेले ओढे मुद्दाम निवडले होते, हे त्या संशोधकांनी स्वतःच स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हा सगळीकडच्या पाण्याला तोच आकडा लावू नये. पण हे पदार्थ त्याच्या आदल्या वर्षीही पाण्यात होतेच की! विचारणारं कुणी नव्हतं, एवढंच.

त्याहून अंगावर येणारं उदाहरण हैदराबादजवळच्या पटनचेरूचं. तिथल्या औषध कारखान्यांचं सांडपाणी एकत्र करून शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणारं पाणी स्वीडनचे जोकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी तपासलं आणि 2007 साली निष्कर्ष छापले. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक त्यात लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत होतं. नॅनो नाही, मायक्रो नाही, मिलिग्रॅम. तेच औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात असतं त्याहूनही जास्त. हे पाणी ‘शुद्ध करून सोडलेलं’ होतं. सांडपाण्याच्या नेहमीच्या तपासणीत सामू म्हणजे आम्लता बघतात, सीओडी आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण मोडायला किती ऑक्सिजन लागेल ते, बघतात. प्रतिजैविक कुणी बघत नव्हतं. आणि एवढ्या प्रतिजैविकात जे जिवाणू तग धरतात ते कोणत्या गुणांवर, याचा विचार केला की हा प्रश्न एका ओढ्यापुरता उरत नाही.

यादीबाहेरचं काही सापडतं ते बहुतेकदा कुणाला तरी खटकतं म्हणून. 1960च्या दशकात स्वीडनमध्ये सॉरेन येन्सेन मासे आणि समुद्री गरुड यांच्या शरीरात डीडीटी हे कीटकनाशक मोजत होते. क्रोमॅटोग्राफच्या, म्हणजे मिश्रणातला प्रत्येक पदार्थ शिखराच्या रूपात दाखवणाऱ्या यंत्राच्या, कागदावर डीडीटीच्या शिखरांच्या मधेमधे आणखी शिखरं येत होती, आणि ती कशाची ते कळत नव्हतं. दुसऱ्या कुणी ‘गडबड’ म्हणून सोडून दिली असती. येन्सेन त्यांच्या मागे लागले. एखादं नवं कीटकनाशक असेल असं म्हणावं, तर संग्रहालयातल्या 1944 सालच्या गरुडाच्या पिसातही ती शिखरं होती. म्हणजे डीडीटी सर्रास वापरात येण्याच्या आधीपासून! शेवटी 1966 साली त्यांनी जाहीर केलं की हे पीसीबी आहेत. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात, रंगांत वापरले जाणारे, बंदिस्त जागीच राहतील असं मानलेले पदार्थ. ते त्यांना स्वतःच्या बायकोच्या आणि तान्ह्या मुलीच्या केसांतही सापडले. त्यांचा तो शोध वाचताना माझं मन दरवेळी त्या जुन्या पिसापाशी अडतं. ते जपून ठेवणाऱ्याला पीसीबीचं नावही माहीत नव्हतं.

याच पीसीबींचा पुढचा ठावठिकाणा मिळाला 2017 साली. ॲलन जेमिसन आणि सहकाऱ्यांनी प्रशांत महासागरातल्या मरियाना आणि केरमाडेक या गर्तांमध्ये, सुमारे सात ते दहा किलोमीटर खोलीवर, आमिष लावलेले पिंजरे सोडून छोटे झिंग्यासारखे ॲम्फिपॉड पकडले. मरियानातल्या जिवांमध्ये पीसीबीचं प्रमाण चीनमधल्या अतिप्रदूषित लियाओ नदीच्या पाण्यावर वाढलेल्या भातखाचरांतल्या खेकड्यांपेक्षा पन्नास पट होतं. वरून मेलेलं काहीबाही खाली पडतं, त्याच्या चरबीत पीसीबी असतात, आणि गर्तेच्या तळापासून पुढे जायला कुठे वाटच नाही. त्याच खोलीवरचं पाणी बाटलीत भरून तपासलं असतं तर? पीसीबी पाण्यात फार थोडे विरघळतात. त्यांना चरबी आवडते आणि गाळ आवडतो. पाण्याच्या अहवालात कदाचित ‘आढळले नाही’ असंच आलं असतं.

शरीरं पाण्यापेक्षा जास्त बोलतात, हे समुद्राचं काम करणाऱ्यांनी फार आधी ओळखलं. शिंपले एका जागी चिकटून बसतात, दिवसरात्र पाणी गाळतात, आणि पाण्यातलं जे काही अंगात साठेल ते साठवतात. एडवर्ड गोल्डबर्ग यांनी 1975 साली सुचवलं की जगभरच्या किनाऱ्यांवर शिंपल्यांनाच पहारेकरी नेमावं. अमेरिकेत 1986 पासून किनाऱ्याकिनाऱ्यावरचे शिंपले आणि कालवं गोळा करून तपासण्याचा कार्यक्रम सुरू आहे. बाटली एका क्षणाचं सांगते, शिंपला काही महिन्यांचं सांगतो.

कधीकधी तर प्राण्याचं शरीर यंत्रापेक्षा तीक्ष्ण निघतं. बोटींच्या तळाला शेवाळ आणि बार्नॅकल चिकटू नयेत म्हणून रंगात ट्रायब्युटिलटिन, म्हणजे टीबीटी, मिसळत. फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात कालवांची पिल्लं टिकेनाशी झाली, कवचं वेडीवाकडी, जाड होऊ लागली. फ्रान्सने 1982 साली छोट्या बोटींवर या रंगाला बंदी घातली. इकडे इंग्लंडच्या किनाऱ्यावर डॉगव्हेल्क जातीच्या शंखांच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटत असल्याचं 1970 सालीच दिसलं होतं. ते वाढलं की अंडी बाहेर यायची वाटच बुजते आणि मादी मरते. पुढे 1980च्या दशकात ब्रायन आणि गिब्स यांनी त्याचा संबंध टीबीटीशी जोडला. लिटरमागे सुमारे एका नॅनोग्रॅमनेही हा बदल सुरू होत होता, आणि इतकं कमी टीबीटी मोजणं तेव्हाच्या नेहमीच्या पद्धतींना जड जात होतं. पुढे किनाऱ्यावरचे शंख गोळा करून, त्यांच्या माद्या तपासून प्रदूषणाची पातळी ठरवण्याची पद्धतच पडली. जहाजांवरच्या अशा रंगांना आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार 2001 साली झाला आणि लागू झाला तो 2008 साली. आर्काशोंच्या कालवांनंतर पाव शतकाहून जास्त काळ गेला होता.

मिनामाताबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण ती हकीकत मला सविस्तर लिहवत नाही. जपानच्या त्या खाडीकाठी मांजरं झटके येऊन मरत होती, आणि 1956 साली माणसांमधल्या आजाराची अधिकृत नोंद झाली. 1959 साली कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी, खाडीत सांडपाणी सोडणाऱ्या चिस्सो कंपनीच्या रुग्णालयाचे डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी कारखान्याचं सांडपाणी अन्नात घालून एका मांजरावर प्रयोग केला. त्या मांजराला तोच आजार झाला. तो निष्कर्ष दाबून ठेवला गेला, आणि सरकारने कारखान्याचा पारा हे कारण मान्य केलं ते 1968 साली. इथे ‘आढळले नाही’ असं नव्हतंच. आढळलं होतं, आणि ते सांगू दिलं नाही.

आता कोहो या साल्मन माशाची गोष्ट, जिच्याकडे मी सगळ्यात जास्त वेळा परत जाते.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, सिॲटलच्या आसपास, शहरातून वाहणारे ओढे 1990च्या दशकात खर्च करून सुधारले गेले. काठावर झाडं लावली, अडथळे काढले, कोहो साल्मनना समुद्रातून परत येऊन अंडी घालता यावीत म्हणून. मासे आलेही. आणि पाऊस पडला की मरू लागले. पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत, कल्ल्यांशेजारचे पर ताठ पसरून, गोल गोल फिरत, तोल जाऊन आडवे होत, काही तासांत मेलेले. माद्यांची पोटं चिरून पाहिली तर अंडी तशीच भरलेली. काही ओढ्यांत परतलेल्या माद्यांपैकी निम्म्याहून जास्त अशा गेल्या.

संशयित पुष्कळ होते. पाण्यातला ऑक्सिजन, तापमान, रोग, कीटकनाशकं, धातू, तेलातले हायड्रोकार्बन. एकेक करून सगळे सुटले. संशोधकांनी धातू आणि हायड्रोकार्बनचं कृत्रिम मिश्रण केलं, त्यात मासे ठेवले, आणि मासे जगले. महामार्गावरून वाहून आलेलं खरं पावसाचं पाणी घेतलं, आणि त्यात मासे मेले. तेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून घेतलं तर मात्र मासे वाचले. म्हणजे मारणारं जे काही होतं ते रस्त्याच्या पाण्यात होतं, मातीत अडकत होतं, आणि कोणत्याही यादीत नव्हतं.

मग टायरच्या झिजेचा माग लागला. मासे मेलेल्या दिवसांच्या पाण्याची रासायनिक ठेवण टायरचा भुगा भिजवलेल्या पाण्याशी जुळत होती. पण त्या पाण्यातच दोन हजारांच्या वर रसायनं होती. झेन्यू तियान, एड कोलोजे, जेन मॅकिन्टायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केलं, तर त्या पाण्याचे भाग पाडले. प्रत्येक भागात कोहोची पिल्लं सोडली. जो भाग मारेल तो ठेवायचा, बाकीचे टाकायचे. उरलेल्याचे पुन्हा भाग, पुन्हा पिल्लं. मला हे काम नुसतं वाचूनही दमायला होतं, कारण प्रत्येक भागासाठी पाणी, गाळण्या, स्तंभ, यंत्राची वेळ आणि जिवंत मासे लागतात, आणि मधे कुठेही मारण्याची ताकद दोन भागांत विभागली गेली की मागे जावं लागतं. शेवटी एक पदार्थ उरला. सूत्र C₁₈H₂₂N₂O₂. टायरच्या कोणत्याही रसायनाचं ते सूत्र नव्हतं.

तियान यांच्या लक्षात आलं की टायरमध्ये घातल्या जाणाऱ्या 6पीपीडीचं सूत्र C₁₈H₂₄N₂ आहे. दोन हायड्रोजन कमी, दोन ऑक्सिजन जास्त. 6पीपीडी टायरमध्ये घालतात ते कशासाठी, तर हवेतल्या ओझोनने रबराला तडे जाऊ नयेत म्हणून. ते स्वतः पुढे होऊन ओझोनशी अभिक्रिया करतं आणि रबर वाचवतं. मग त्याचं स्वतःचं काय होतं, हा प्रश्न इतक्या वर्षांत मारकपणाच्या दृष्टीने कुणी विचारलेला नव्हता. संशोधकांनी 6पीपीडीमधून ओझोन सोडला, आणि तोच पदार्थ तयार झाला, 6पीपीडी-क्विनोन. हा शोध डिसेंबर 2020 मध्ये प्रसिद्ध झाला.

निम्मी पिल्लं मारायला लागणारं प्रमाण आधी लिटरला 0.8 मायक्रोग्रॅम सांगितलं गेलं. पुढे तुलनेसाठी वापरायचं, विकत मिळणारं शुद्ध रसायन हाती आलं, तेव्हा त्याच संशोधकांनी पुन्हा मोजलं आणि आकडा 0.095 मायक्रोग्रॅमवर आणला, म्हणजे 95 नॅनोग्रॅम. स्पर्धेच्या पोहण्याच्या तलावात 25 लाख लिटर पाणी धरलं तर त्यात पाव ग्रॅमही पुरतो. एवढ्याने काय होणार, असं विचारणाऱ्यांना मी हा हिशेब करून दाखवते. आणि शंभर नॅनोग्रॅमच्या खाली न बघू शकणारी प्रयोगशाळा याच पाण्यासमोर ‘आढळले नाही’ लिहील, हेही.

2023 साली युरोक, पोर्ट गॅम्बल स्क्लालम आणि पुयालप या तीन आदिवासी राष्ट्रांनी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेकडे टायरमधल्या 6पीपीडीवर नियम करा अशी याचिका दिली, आणि त्याच वर्षी संस्थेने ती स्वीकारली. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर 2023 पासून टायर कंपन्यांना पर्याय शोधणं बंधनकारक झालं. हे शुभ वर्तमान आहे, पण इथेच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. टायरला ओझोनपासून संरक्षण हवंच, नाहीतर ते धावता धावता फाटेल. पर्याय म्हणून पुढे येणाऱ्यांमध्ये 6पीपीडीच्याच कुळातली भावंडं आहेत. ओझोन लागला की त्यांचेही क्विनोन बनतात.

आणि नवं रसायन माशांना सुरक्षित आहे हे ठरवायचं कोणत्या माशावर? 6पीपीडी-क्विनोनने कोहो काही तासांत मरतो. त्याचा सख्खा नातेवाईक म्हणावा असा चम साल्मन त्याच पाण्यात जगतो. प्रयोगशाळांचा आवडता झेब्राफिशही त्याला फारसा जुमानत नाही. रेनबो ट्राउट आणि ब्रुक ट्राउट मात्र मरतात. 6पीपीडीची चाचणी झेब्राफिशवर, ओझोन न लावता, शुद्ध पाण्यात केली असती तर अहवालात सगळं आलबेल दिसलं असतं. तेव्हा पर्याय म्हणून जे काही निवडलं जाईल, त्यातून आधी ओझोन सोडून पाहावा, त्याचे जे तुकडे बनतील ते रस्त्यावरच्या पावसाच्या पाण्यात शोधावेत, आणि कोहोवर, ट्राउटवर, त्या त्या ओढ्यात राहणाऱ्या माशांवर तपासावेत. हे सगळं ते टायर रस्त्यावर झिजू लागण्याच्या आधी व्हायला हवं. कोणकोणत्या माशांवर तपासलं आणि किती नॅनोग्रॅमपर्यंत बघितलं, हे निकालात लिहिलेलं असावं, एवढंच माझं कळकळीचं मागणं आहे.